डॅनिश गाई, गोराईची लाँच आणि ऐंशी दिवस

यंदा हिवाळ्यात कुठेतरी लांब जायचंच, असं ठरवून मी रजेचा अर्ज टाकला. सरांनी तो वाचला आणि विचारलं, "फिरायलाच जायचंय ना? मग रजा कशाला? डेन्मार्कचा क्लायंट येतोय. त्याला चार दिवस फिरव."

अशा रीतीने माझी युरोप सहल मुलुंड, घाटकोपर, बोरिवली आणि अंधेरी एवढ्यात पार पडली. व्हिसा लागला नाही, थंडीचे कपडे लागले नाहीत, आणि युरोप स्वतःच्या पायांनी चालत माझ्याकडे आला. ज्यांच्यावर अशीच परदेशी साहेबाला उपनगरं दाखवायची वेळ येणार आहे, त्यांनी पुढचं जरा नीट वाचावं.

आधी माझं काम सांगते, नाहीतर काही कळणार नाही. साकीनाक्याला एका वर्कशॉपच्या डोक्यावर आमचं नऊ टेबलांचं ऑफिस आहे. परदेशातल्या एखाद्या कंपनीला इथे माणसं हवी असतात, पण इथे कंपनी काढायची कटकट नको असते. मग ती आमच्याकडे येते. माणूस कागदावर आमचा, काम तिचं. ती पैसे पाठवते, आम्ही पगार करतो, पीएफ भरतो, टॅक्स कापतो आणि मधल्या मध्ये आमची फी घेतो. ज्यांना हेही महाग वाटतं त्यांच्यासाठी आमच्याकडे आणखी स्वस्त सोय आहे: माणसाला नोकर म्हणायचंच नाही, 'सल्लागार' म्हणायचं. पीएफ नाही, रजा नाही, काहीच नाही. नोकर आणि सल्लागार यांची तुलना करणारा तक्ता नव्या क्लायंटला पाठवतात. तो मी बनवलाय. दिसायला फार सुरेख आहे. सल्लागाराच्या रकान्यात शून्यच शून्य, हिरव्या रंगात.

आमचा पाहुणा येन्स. त्याची कंपनी गाईंच्या गळ्यातले पट्टे बनवते. गाय कमी चरली, लंगडली, तापली की पट्टा सांगतो. तो पट्टा काय सांगतोय ते बघायला तीन माणसं लागतात, आणि ती तिन्ही माणसं मुंबईच्या उपनगरांत बसतात. तीन वर्षांत येन्सने त्यांना स्क्रीनवरच पाहिलं होतं. महिनाअखेर त्यांचे करार संपत होते. ते पुढे चालवायचे की नाही, हे ठरवायला तो आला होता.

पहिला दिवस: अंधेरी ते मुलुंड

येन्सला विमानतळाजवळच्या हॉटेलातून उचललं. साडेसहा फूट उंच, दाढीवाला आणि भयंकर नम्र माणूस. गाडीत बसल्या बसल्या त्याने मोबाइल काढून आठ महिन्यांच्या मुलीचे फोटो दाखवले. "मी पाच महिने घरी होतो," तो इंग्रजीत म्हणाला. "पगारी रजा. आमच्याकडे बापालाही मिळते. आयुष्यातले सगळ्यात चांगले पाच महिने."

"किती छान," मी म्हटलं. माझा हिरवा तक्ता बॅगेतच होता.

प्रवाशांसाठी सूचना: अंधेरीहून मुलुंडला सकाळी नवाच्या सुमारास पवईमार्गे जाऊ नये. तलाव सुंदर आहे, पण इतका वेळ बघावा इतका नाही. टॅक्सीचे साडेपाचशे झाले. येन्सने विचारलं, हा रस्ता बांधून कधी पूर्ण होणार? मी म्हटलं, पूर्णच आहे.

मुलुंड पूर्वेला अमेय साठे राहतो, वय एकोणतीस. त्याचं ऑफिस म्हणजे बंद केलेली बाल्कनी. एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसऱ्या बाजूला दोन मॉनिटर, मध्ये अमेय. त्याच्या आईने मिसळ, साबुदाणा वडा, शिरा असं सगळं एकदमच मांडलं. येन्सने मिसळीचा पहिला घास घेतला आणि त्याचा चेहरा पोस्टाच्या पेटीसारखा लाल झाला. तरी त्याने वाटी संपवली. या माणसाबद्दल मला आदर वाटला तो तिथे.

अमेयची आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "अहो, हा परमनंट कधी होणार? मुलीकडचे विचारतात. सल्लागार म्हटलं की त्यांना वाटतं बेकार आहे."

"बघू या काकू," मी म्हटलं. ते 'बघू या' आमच्या धंद्यात फार कामाला येतं.

दुसरा दिवस: घाटकोपर

मेट्रोने गेलो. एसी, स्वच्छ, तीस रुपयांच्या आत. येन्स इतका खूश झाला की मला वाटलं करार इथेच वाढवून देतो. घाटकोपरला जिग्नेश शाह भेटला. त्याने घरी नेलंच नाही, थेट खाऊगल्लीत नेलं आणि चीज घातलेला, चॉकलेट घातलेला, काय काय घातलेला डोसा खिलवला. तिघांचे मिळून चारशेच्या वर गेले. डोसा मागवलात तर तो काहीतरी घातलेलाच येईल याची तयारी ठेवा.

येन्सने त्याला विचारलं, नोकर म्हणून यायला आवडेल का? जिग्नेश हसला आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "बेन, प्लीज, हां. मला तसला परमनंट-बिरमनंट नको. पीएफ कापणार, हातात कमी येणार. आत्ता टॅक्स पण कमी बसतो. एकदम सेट आहे आपलं."

मी येन्सला भाषांतर करून सांगितलं. त्याला बरं वाटलं. चला, म्हणजे लोक सुखी आहेत. मलाही बरं वाटलं. खरंच सांगते, त्या दिवशी मी घरी आले ती माझ्या तक्त्याने कुणाचं काही बिघडलेलं नाही अशा खात्रीने.

तिसरा दिवस: गोराई

बोरिवली स्टेशनपासून गोराई खाडीच्या धक्क्यापर्यंत रिक्षा, तिथून लाँच. दहा मिनिटांत पलीकडे. तिकीट इतकं कमी की येन्सने मला दोनदा विचारलं, हे जाऊन-येऊन ना? लाँचमध्ये आमच्याबरोबर चार मोटरसायकली, एक गॅस सिलिंडर आणि मासळीच्या रिकाम्या पाट्या घेतलेल्या तीन बायका. एक बाई येन्सकडे बोट दाखवून मला म्हणाली, "याला खाली बसव गं, पडला तर काढायचा कुणी?"

पलीकडे शेअर रिक्षाने गावात. लोरेना डिमेलोचं घर बसकं, कौलारू, दारात क्रूस आणि शेवग्याचं झाड. लोरेना आमच्या तिघांमधली सगळ्यात हुशार. येन्सनेच मला सांगितलं होतं की एकदा तिने पट्ट्याच्या आकड्यांवरून अख्ख्या गोठ्यात रोग पसरण्याआधी ओळखला. तो तिला आणखी मोठं काम द्यायला निघाला होता.

दार तिनेच उघडलं, आणि आम्ही तिघंही तसेच उभे राहिलो. तीन वर्षं स्क्रीनवर फक्त चेहरा दिसायचा. आज पोट दिसलं.

"अभिनंदन!" येन्स जवळजवळ ओरडलाच. खरा आनंद झाला होता त्याला. लोरेना मात्र माझ्याकडे बघत होती. चोरी पकडली गेल्यासारखी.

तिच्या सासूने आम्हाला बसवलं. गरम फुगे आले, म्हणजे मैद्याचे तळलेले गोल पाव, आणि वर्षभर बाटलीत भरून ठेवतात त्या बाटलीच्या मसाल्यातली कोलंबी. इतकं चवदार जेवण मी कित्येक महिन्यांत जेवले नव्हते, पण लक्ष सगळं लोरेनाकडे होतं. येन्स मुलीचे फोटो दाखवत होता, सासू "गोड गो, गोड" म्हणत होती. मी पाणी प्यायला म्हणून आत गेले. लोरेना मागे आली.

"मॅडम, सांगणार होते. पण करार संपतोय ना. आधीच सांगितलं असतं तर वाढवला असता का?"

"कितवा आठवडा?"

"बाविसावा. नवरा, व्हिन्सेंट, जहाजावर आहे, सहा-सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर. तो पण परदेशी कंपनीचाच. मी पण तशीच." ती जरा हसली. "घरात एक तरी परमनंट हवा ना ताई? बाळंत झाले की दहा दिवसांत परत बसेन मी. तसंही घरूनच काम आहे. फक्त मला काढू नका."

दहा दिवसांत. तिने ते अगदी सहज म्हटलं. करारातलं 'काम नाही तर मोबदला नाही' हे वाक्य मी स्वतः टाइप केलं होतं. त्या दिवशी लवकर घरी जायचं होतं म्हणून जुन्या करारातून उचलून चिकटवलं होतं, एवढंच.

परतीच्या लाँचवर येन्सने विचारलं, "तुमच्याकडे बाळंतपणाची रजा किती?"

"सव्वीस आठवडे. पूर्ण पगारी."

"उत्तम कायदा आहे."

"नोकरांसाठी आहे. लोरेना सल्लागार आहे. तिला शून्य."

तो माझ्याकडे वळला. "असं का केलं आपण?"

"तुम्ही स्वस्त काय पडेल विचारलंत. मी तक्ता पाठवला. तुम्ही सल्लागाराच्या रकान्यावर टिक केलीत."

माझा आवाज थोडा चढला असावा, कारण समोरची मोटरसायकलवाली मुलं वळून बघायला लागली. येन्स सगळे सभ्य युरोपियन बोलतात तसं अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "हे बरोबर नाही. मी पुढच्या तिमाहीच्या बैठकीत हा विषय घेतो."

इथे माझी रजा, माझे सर, आमची फी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. क्लायंटला उलट बोलायचं नसतं, हा आमच्या ऑफिसचा एकमेव लिखित नियम. पण मी बोटं मोजायला लागलेच होते.

"पुढच्या तिमाहीत उपयोग नाही," मी म्हटलं. "बाळंतपणाआधी नोकर म्हणून ऐंशी दिवस काम भरावं लागतं, तरच तो पगार मिळतो. तिच्याकडे अठरा आठवडे आहेत. आठवड्याचे पाच दिवस धरले तर नव्वद. म्हणजे तुमच्याकडे विचार करायला दहा दिवस आहेत. तेही बाळ वेळेवर आलं तर. तुमच्या बैठकीपर्यंत थांबलात तर बाळ वेळेवर येईल, कायदा येणार नाही."

धक्क्यावर उतरलो. येन्स जाळी विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि फोन लावला. डॅनिश मला कळत नाही. पण पहिली दहा मिनिटं तो विनवत होता, नंतरची दहा भांडत होता आणि शेवटी लाल झाला होता, मुलुंडच्या मिसळीला झाला होता त्याहून जास्त. बाबांनी मला विचारलं, "बायकोशी बोलतोय?" मी म्हटलं, भागीदाराशी. "मग बरोबर," बाबा म्हणाले आणि जाळ्याकडे वळले.

"सोमवारपासून," येन्स येऊन म्हणाला. "तिघंही. पण बजेट तेवढंच आहे. एक पैसा जास्त नाही."

चौथा दिवस: साकीनाका

सकाळी सरांसमोर उभी राहिले, राजीनाम्याच्या तयारीने. स्वस्त योजना घेतलेल्या क्लायंटला मी लाँचवर जाहीर झापलं होतं, हे सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तीन सल्लागारांचे तीन नोकर केलेस? प्रत्येक डोक्यामागे आपली महिन्याची फी तिप्पट होते! अपर्णा, तुझ्यात सेल्स आहे हे मला माहीतच नव्हतं." माझ्या आयुष्यातल्या एकमेव बंडाचं दुपारपर्यंत प्रेझेंटेशन झालं होतं. चार स्लाइड.

बजेट तेवढंच, म्हणजे पीएफ वगैरे सगळं त्याच पैशांतून. तिघांच्याही हातात येणारा पगार कमी होणार होता. एकेकाला फोन केला. जिग्नेश म्हणाला, "बेन, मी डोसा खिलवला आणि तुम्ही माझीच वाट लावली." पंधरा दिवसांनी त्याने दुसरी नोकरी धरली. येन्सचा उत्तम माणूस गेला, आणि तो गेला याला कारण मी आहे, हे मान्य करायला हवं. अमेय आठवडाभर फुगून बसला. त्याच्या आईने मात्र मला मुलुंडहून चकल्या पाठवल्या. लग्न अजून जमलेलं नाही, पण आता नकाराचं कारण वेगळं असतं म्हणे.

लोरेनाने कागदावर सही करायच्या आधी सगळी पानं वाचली. फोनवर दोन चुका दाखवल्या. मग विचारलं, "ताई, शनिवार धरतात का हो मोजताना?"

"नाही धरत."

"मग मी एक पण दिवस सुट्टी घेणार नाही."

तिने घेतली नाही. पाय सुजले तरी खाटेवर लॅपटॉप घेऊन बसायची. मी रोज हजेरी बघायची. कुणाच्या हजेरीकडे मी इतकं जीव लावून आयुष्यात बघितलेलं नाही, स्वतःच्यासुद्धा नाही. ऐंशीवा दिवस शुक्रवारी भरला. मुलगा पुढच्या आठवड्यात शनिवारी झाला, नऊ दिवस आधी. येन्सने डेन्मार्कहून गाईचं चित्र असलेलं झबलं पाठवलं, त्यावर कस्टम ड्यूटी लागली, आणि ती कुणी भरायची यावर आमच्या ऑफिसात दोन ईमेल झाले.

घरी

नवरा म्हणाला, "चार दिवस भटकलीस, खर्च किती?" सांगितला तर विश्वास बसेना. राहण्याचा शून्य, जेवण बहुतेक लोकांच्या घरी, प्रवास ऑफिसच्या खात्यावर. इतक्या स्वस्तात युरोप कुणी पाहिला नसेल.

गेली सहा वर्षं मी पगार करतेय. दर महिन्याला दोनशेच्या वर लोकांच्या खात्यात पैसे टाकते. त्यांतल्या एकाच्याही घरी याआधी पाणी प्यायले नव्हते. नाव, पॅन, बँक, रक्कम, झालं. आता पगाराची फाइल उघडली की कुठली ओळ कुठे राहत असेल, बाल्कनीत बसत असेल की खाटेवर, हे उगाच मनात येतं. काम हळू होतं त्याने. सरांच्या लक्षात आलंय.

मागच्या आठवड्यात नवा क्लायंट आला, बेल्जियमचा, चॉकलेटवाला. कॉलवर पहिलाच प्रश्न: "स्वस्त काय पडेल?"

सर माझ्याकडे बघत होते. तक्ता स्क्रीनवर होता. मी स्क्रीन बंद केली आणि म्हटलं, "आधी माणसांना भेटायला या. मी फिरवते."