मधल्या रेघेवरची भिंत

पडद्यावर कितीही देखणं रंगीत चित्र उमटलं तरी अण्णा आधी तळाच्या रेघेवर बोट ठेवायचे. "रंग मागनं बघू. पैल्यांदा मधली रेघ दावा."

तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल, ज्याचा यंत्रावर काडीचा विश्वास नसतो आणि यंत्राचं त्याच्यावाचून चालत नाही. सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही डाळिंबाच्या बागांसाठी पितळी फवारणी नोझल बनवतो. आतून पाणी कसं वाहील ते आधी कॉम्प्युटरवर बघतो. नोझल गोल, म्हणून लांबीतला छेद घेऊन त्याची वरची अर्धी बाजूच काढायची, म्हणजे मधली रेघ चित्राच्या तळाशी येते. ही अर्धी बाजू त्या रेघेभोवती फिरते असं सॉफ्टवेअरला सांगितलं की उरलेलं ते समजून घेतं. रेघ चुकली की सगळंच चुकतं.

अण्णांची उमेदीची वर्षं लेथवर गोल भाग कातण्यात गेलेली. नवे इंजिनिअर चिडवायचे, "अण्णा, ही लेथ नाही."

"व्हय, पण जॉब गोलच हाय की."

आणि पोरांचं दोन दिवस अडलेलं काम दहा मिनिटांत सोडवून द्यायचे.

मी त्यांचा साहेब, वयाने लहान. माझा त्यांच्यावर संशय होता. मी जवळ गेलो की ते फाईल झाकायचे. "कच्चं हाय साहेब. अर्धं शिजलेलं वाढत न्हाय मी." फोनवर हळू आवाजात कन्नड बोलायचे. ते कर्नाटक सीमेजवळच्या मैंदर्गीचे, घरात कन्नडच. पण मला वाटायचं, आमची ड्रॉइंगं सीमेपलीकडच्या कुणा कारखान्याला जातायत. त्यांच्या आईची स्मरणशक्ती जात चालली होती आणि ते तिला गोळ्या घ्यायला सांगत, हे मला फार पुढे कळलं.

एका दुपारी ते डबा खायला गेले आणि मी त्यांच्या खुर्चीत बसलो. फाईल उघडली. लपवलेलं काहीच सापडेना. मधल्या रेघेवर क्लिक केलं, एक यादी उघडली, त्यातलं काहीतरी निवडलं गेलं. दाराशी पावलं वाजली. बंद करताना कॉम्प्युटरने 'सेव्ह करू का?' विचारलं. घाईत 'हो' दाबलं.

अण्णांनी रेघ सकाळीच तपासली होती. जेवून आल्यावर त्यांनी काम चालू केलं. संध्याकाळी ते चित्र उघडायला गेले तेवढ्यात मालकांचा निकालासाठी फोन आला. मीच म्हणालो, "चित्र राहू द्या अण्णा, आकडा सांगा."

नोझलमध्ये दाब फार वाया जातोय, असं तो आकडा सांगत होता. त्यावर विसंबून आम्ही भोक मोठं केलं. पहिली खेप चाचणीला लावली तर फवाऱ्याऐवजी नुसती धार.

अण्णांनी तासाभरात चूक शोधली. मधल्या रेघेला भिंत ठरवलं गेलं होतं. नोझलच्या मधोमध सळई घातल्यासारखं पाणी तिला घासत चाललं होतं.

"लावली कुणी?" मालकांनी विचारलं.

अण्णा पडद्याकडे बघत राहिले. "माझ्याबिगर हितं कोन बसतंय? मीच की."

मी शेजारीच उभा होतो. ती यादी आठवली, पावलं आठवली. तोंड उघडलं नाही. उलट मनात आलं, हा माणूस इतक्या सहज कबूल का करतोय?

महिनाअखेर त्यांनी नोकरी सोडली. पुढे नव्या पोरांना शिकवताना सगळे म्हणत, "अण्णांसारखी भिंत लावू नका रे." मीही हसायचो.

गेल्या महिन्यात कुणीतरी पुन्हा तेच म्हणालं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ती मी लावली होती." कुणी हसलं नाही. रविवारी मैंदर्गीला गेलो आणि अण्णांना सगळं सांगितलं.

अण्णांनी विचारलं, "तवा का न्हाय बोललासा?"

"भ्यालो."

"मी बी भ्यालो की. वाटलं, आईचं दुखणं मला लागलं. त्या दिसापास्नं गॅस बंद केला का न्हाय, ते बी बायकोला इचारतो."

"पण अण्णा, चूक तुमची नव्हतीच."

"व्हय. आता कळलं की."

मी निघालो. त्यांनी फाटकाची कडी लावली, ओढून बघितली, पुन्हा ओढली. मग आत हाक मारली. बायको आली, तिने कडीला हात लावून मान हलवली, तेव्हा कुठे ते घराकडे वळले.