दाराकडे तोंड करून

मंगळवारी सकाळी दहा वाजता तासगावहून आईचा फोन आला. मी कराडला, कॉलेजच्या ग्रंथालयात होते. आई म्हणाली, "भामाक्का गेली." मी फोन ठेवला आणि हातातलं पुस्तक कपाटात ठेवलं. त्याला आता पाच आठवडे झाले. ते पुस्तक मी कुठल्या कपाटात ठेवलं, ते मला अजून सापडलेलं नाही.

भामाक्का आमच्या नात्यातली नव्हती. ती आटपाडीकडच्या धनगराची. तरुणपणी नवऱ्याबरोबर मेंढरं घेऊन दरवर्षी कोयनाकाठापर्यंत चालत यायची. नवरा वारल्यावर मेंढरं विकली आणि लेकाला घेऊन आमच्या द्राक्षबागेच्या कडेला राहायला आली. हंगामात बेदाण्याच्या शेडवर काम करायचं आणि एरवी गावातल्या बाळंतिणींना तेल लावायचं, असं तिचं चालायचं. तेल लावताना ती कधी बाईच्या अंगाकडे बघत नसे. तोंड दाराकडे आणि हात आपलं काम करत असलेले. लहानपणी मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, "कास चाचपताना मेंढीकडं बगायचं नसतं. बुजती." माझ्या हातात कायम पुस्तक असे, म्हणून वर टोमणा मारला, "का गं, ह्ये न्हाई व्हय लिवल्यालं त्यात?"

अडीच वर्षांपूर्वी मी बाळंतपणाला माहेरी आले. मुलगी अठरा दिवसांची झाली आणि तिनं डावीकडे प्यायचं सोडलं. तोंड लावायची, थांबायची, मग मान मागे घेऊन त्या बाजूकडे बघत राहायची. रडायची नाही. तिनं रडावं असं मला वाटायचं... त्याच आठवड्यात आंघोळ करताना बोटांना गाठ लागली. खालच्या बाजूला, द्राक्षाच्या मण्याएवढी. आई म्हणाली, "दूध साचलंय, शेक घे, होतं असं." मी शेक घेतला. गाठ तिथेच राहिली. मग मी वाचायला लागले आणि वाचत गेले तशी घाबरत गेले. स्वतःच्याच अंगावर हात ठेवताना दुसऱ्या कुणाच्या घराचं दार लोटतेय असं वाटायचं. आत कोणीतरी आहे आणि आपली चाहूल लागून ते गप्प झालंय, असं. कोणाशी काही बोलले नाही. मनातल्या मनात एकच घोकत होते, पोरगी बसायला लागेपर्यंत तरी.

एका सकाळी भामाक्का तेलाची वाटी घेऊन आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "डावीकडं पीत न्हाई न्हवं?" तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा मी सगळं सांगितलं नव्हतं. तुला कसं कळलं म्हटल्यावर म्हणाली, "पोरीच्या मानंवरनं. मान एकीकडंच वळती तिची." त्या वेळी मुलगी दुपट्यात गुंडाळलेली होती. पाळण्यात, दाराकडे पाठ करून.

भामाक्कानं दाराकडे तोंड केलं आणि तीन बोटं माझ्या डाव्या बाजूला टेकवली. ती बोटं इतका वेळ फिरत राहिली की बाहेर नळाखाली भरत असलेली बादली वाहायला लागल्याचा आवाज मी ऐकला. कोणीच नळ बंद करायला उठलं नाही. शेवटी ती म्हणाली, "हालती हाय. तरी सांगलीला जा. आजच जा."

सांगलीच्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली, सुई घालून पाणी काढलं. पाणी नव्हतं, दूध होतं. दुधाची गाठ. मी हसायला लागले आणि मला थांबता येईना. डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हलते म्हणजे साधीच, असं हातानं ठरवायचं नसतं. बाळंतपणातली गाठ आहे, दुधाचीच असेल, असं म्हणून घरी बसायचं नाही. आलात ते बरं केलंत."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते सांगायला मी शेडवर गेले. बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांचे थरावर थर असतात आणि त्यांवर द्राक्षं पसरलेली. उजेड हिरव्या कापडातून गाळून येतो, त्यात माणसाचा चेहरा आजाऱ्यासारखा दिसतो. चिमणीसुद्धा नव्हती. भामाक्का एकटीच खालच्या थरावर बोटं फिरवत होती. मी सगळं सांगितलं. तिनं मान हलवली, इकडेतिकडे पाहिलं, माझा उजवा हात धरला आणि पदराखाली, स्वतःच्या छातीवर नेऊन दाबला.

"ह्यी बग."

माझ्या बोटांखाली काहीतरी होतं. जाळीला चिकटून वाळलेल्या बेदाण्यासारखं, ढकललं तरी न सरकणारं. भामाक्का दाराकडे बघत होती.

"कशाला भ्यायचं, ते बोटास्नी ठावं असावं," ती म्हणाली.

"आक्का, किती दिवस झाले? दाखवलंस का?"

"दूध आटल्याल्या मेंढीची कास कोण बगतंय व्हय गं? दुभतीची बगायची असती." असं म्हणून ती हसली. मग माझा हात न सोडता म्हणाली, "कुनाला सांगशील तर तुज्या पोरीची आण हाय."

मी शिकलेली बाई. आण खरी होत नसते, हे मला माहीत आहे. तरी मी चार महिने गप्प राहिले. कराडला परत आले. फोनवर विचारलं की ती म्हणायची, "दावीन की, बेदाणा निगू दे." बेदाणा निघून गेला. मुलगी पालथी पडायला लागली, हसायला लागली. तिला ताप आला की मला ती शेड आठवायची. मी काही बोललेले नसताना आला, मग बोलले तर काय होईल... जुलैत एका सकाळी मुलगी पहिल्यांदा आधाराशिवाय बसली. तेव्हा मी आईला फोन करून सगळं सांगितलं. फोन ठेवला आणि पळत जाऊन मुलीच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता. त्या दिवशी मी कितीदा तरी तिच्याजवळ जाऊन तसंच बोट धरलं.

आई भामाक्काला मिरजेच्या दवाखान्यात घेऊन गेली. आजार काखेपर्यंत गेला होता. ऑपरेशन झालं, औषधं झाली. पहिल्या वेळी मुलीला घेऊन भेटायला गेले तेव्हा ती स्वतःच्या नातीकडे बघावं तशी तिच्याकडे बघत होती. म्हणाली, "सांगितलंसच न्हवं? बरं केलंस." मग जरा थांबून, रागानं नव्हे, नेहमीच्याच आवाजात, "पर उशीर केलास गं."



शेवटची भेट ती जाण्याआधी महिनाभर झाली. ती घरी, खाटेवर होती. हात काटकुळे झाले होते. मी शेजारी बसले तशी म्हणाली, "दार लोट. ये हिकडं." तिनं उशीवरचं तोंड दाराकडे वळवलं आणि तीन बोटं आधी माझ्या डाव्या, मग उजव्या बाजूला फिरवली. बोटं इतकी हलकी झाली होती की ती कधी उचलली, ते मला कळलं नाही. "न्हाई काय," ती म्हणाली. मी मान वर केली तेव्हा तिचे दोन्ही हात गोधडीखाली होते... केव्हापासून, ते मी विचारलं नाही.

आता महिन्यातून एकदा, मुलगी अंगणवाडीत गेल्यावर, मी खोलीत उभी राहून स्वतःला तपासते. दाराकडे तोंड करून. वर्षातून एकदा सांगलीला दाखवून येते. डाव्या बाजूला काही नाही, उजव्या बाजूला काही नाही. माझ्या उजव्या हाताच्या तीन बोटांना मात्र तिची गाठ अजून लागते.