कुणीतरी पाहिलं होतं

देवाशी भांडायची मला जुनी खोड आहे. पण त्या आठवड्यात मी भांडणंही सोडून दिलं होतं. मंगळवारी बाबांची बायपास ठरलेली, आणि ते सही करायला तयार नव्हते. "आधी वडिलांना पाणी देतो, मग खुशाल कापा मला," एवढंच म्हणायचे.

पण पाणीही देववत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात आजोबा पलटणीबरोबर निघाले आणि ती सैनिकांची बोट पाणबुडीनं बुडवली. बाबा तेव्हा तीन महिन्यांचे. तारेत 'बेपत्ता' एवढाच शब्द. आजीनं शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही, मग तर्पण कसलं! ती गेल्यावरही बाबांना धीर होईना. "मरताना पाहिलंय का कुणी? जिवंत माणसाला तिळाचं पाणी सोडलं तर?" अहो, आजोबांनी शंभरी कधीच ओलांडली असती! मी इथे इंग्लंडात एका हॉस्पिटलात नर्स, दिवसभर लोकांची समजूत काढते. बापापुढे मात्र हात टेकले.

रविवारी सर्वपित्री अमावस्या. काळे तीळ, तांब्या घेऊन मी त्यांना साउथहॅम्प्टनच्या किनाऱ्यावर नेलं. पाण्याशी जाऊन ते नुसतेच उभे राहिले. मी वैतागून म्हटलं, "खंडेराया, आता तूच बघ. माझ्याच्यानं होत नाही."

शेजारी एक म्हातारी इंग्रज बाई पाण्यात फुलं सोडत होती. तांब्या बघून तिनं चौकशी केली. मी बोटीचं नाव सांगितलं, तशी ती माझ्याकडे वळली. तिचे वडील त्याच बोटीवर खलाशी होते.

"लाइफबोट भरली होती," ती म्हणाली. "तुमचे शिपाई बाहेरून दोर धरून होते, गात होते. संध्याकाळपर्यंत एकेकाचा हात सुटला. त्यांच्यातलं कुणी वाचलं नाही. डॅडनी डोळ्यांनी पाहिलं. मरेपर्यंत दर रविवारी ते इथे फुलं सोडायचे. आता मी सोडते."

मी बाबांना मराठीत सांगितलं. त्यांच्यात आजोबा होते का, हे मी विचारलं नाही, बाबांनीही नाही. "म्हणजे पाहिलं होतं कुणीतरी," ते म्हणाले, "आणि इतकी वर्षं फुलंही वाहिली." मग रडले, पोटभर रडले. बाईनं त्यांचा दंड धरला आणि ते पाण्यात उतरले.

संध्याकाळी त्यांनी सही केली. ऑपरेशन नीट झालं, देवाचे उपकार. ती बाई नेमकी तेव्हाच तिथे कशी, याचा काथ्याकूट मी करत नाही. आपलं घोडं अडलं की त्याच्यावर सोपवावं, एवढं शिकले. पण माझ्या लेखी कृपा झाली ती त्याआधीच. दक्षिणेकडे तोंड करून ओंजळ सोडताना, त्र्याऐंशी वर्षांच्या माझ्या वडिलांनी जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी "बाबा" म्हणून हाक मारली, तेव्हा.