गाडीखालचा पिवळा डाग

ज्ञानोबामामा सकाळी उठले की तोंड धुवायच्या आधी गाडीखाली वाकत. आधी गुडघ्यांवर हात, मग गुडघे जमिनीवर, मग मान तिरकी करून डोकं बंपरच्या आत. पारूमामी उंबऱ्यातून विचारायची, "झाला का नमस्कार?"

"पुन्हा हाय," मामा खालूनच सांगत.

पुन्हा असायचाच. पुढच्या दोन चाकांच्या मधोमध थाळीएवढा ओला डाग. ऊन चढलं की तो वाळायचा आणि त्याची कड पिवळी दिसायची.

त्या वर्षी दुष्काळाने लातूरच्या विहिरींचे तळ उघडे पाडले होते. लातूर जिल्हा झाला होता, कचेऱ्यांना नवे रंग लागले होते, पण नळाला पाणी तालुका असतानाइतकंही उरलं नव्हतं. टँकर यायचा, तोही कधी यायचा ते सांगून यायचा नाही. मी तेव्हा कॉलेजसाठी मामांकडे राहत होते. घागरी घेऊन धावायचं काम माझं होतं. म्हणून त्या डागाकडे बघताना मला गाडी दिसायची नाही, फक्त वाया गेलेलं पाणी दिसायचं.

मामांचं आयुष्य एसटी चालवण्यात गेलं. लातूर–देगलूर, लातूर–निलंगा, किल्लारीचा मुक्काम. रस्त्यात प्रवासी सोडून आलो असं एकदाही झालं नाही, हे ते सांगायचे, आणि मामी ते ऐकून कंटाळली होती. पण एसटीत ड्रायव्हरनं तक्रार सांगायची आणि मेकॅनिकनं बघायचं, अशी वाटणी होती. मामांना गाडीचं दुखणं कळायचं, उपचार कळायचा नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी नांदेडच्या मोंढ्यातल्या हणमंतराव अडत्याकडून ही पांढरी, गोल पाठीची जुनी मोटार घेतली, ती पंचशीलेसाठी. पंचशीला त्यांची एकुलती लेक, किनवटकडच्या आश्रमशाळेत शिक्षिका. तिच्या पहिल्या खेपेला माहेरी येताना रस्त्यातच पोटात दुखायला लागलं आणि मूल राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, प्रवासाचा संबंध असेलच असं नाही. मामीनं ते ऐकून घेतलं, मानलं नाही. आता पुन्हा सातवा सरत आला होता आणि मामांनी निरोप धाडला होता, रविवारी मी स्वतः गाडी घेऊन येतो, बसमध्ये बसू नको.

आणि गाडी गळत होती.

मामांनी डागाखाली जुना पेपर अंथरून पाहिला. इंजिनाचं तेल म्हणावं तर काळं नव्हतं, बोटाला चिकटतही नव्हतं. ब्रेकचं म्हणावं तर ब्रेक पायाखाली घट्ट लागत होता. रेडिएटरमध्ये मात्र रोज तांब्याभर पाणी कमी. तो तांब्या प्यायच्या घागरीतून जायचा.

"ही गाडी हाय का जावई?" मामी म्हणाली. "सकाळी उठलं की आधी हिला पाणी द्या."

औसा रोडला शिवप्पाचं गॅरेज होतं, म्हणजे एक लिंबाचं झाड आणि एक पेटी. शिवप्पा निलंग्याच्या पलीकडचा, बोलण्यात कानडी मिसळायची. त्यानं खाली जाऊन रेडिएटरच्या जाळीवरून बोट फिरवलं आणि वर येऊन दाखवलं. बोट पिवळं.

"इल्ला, काय न्हाई मामा. पूजेची हळद ही. नवी गाडी आली की बायका चाकापासून जाळीपर्यंत फासतेत. ओल लागली की गळती."

"अन् ओल कशाची?"

"टोपण सैल हाय. वाफ जाती." त्यानं टोपण आवळलं आणि हात पुसले.

मामांना पटलं. पटण्यासारखंच होतं. डेपोत दर दसऱ्याला गाड्यांना हळदकुंकू लागायचं, झेंडूच्या माळा चढायच्या, आणि पुढे कितीतरी दिवस पिवळे ओघळ काचांवरून उतरत राहायचे. गाडीवर पिवळं दिसलं की पूजा झाली, हे त्यांच्या डोळ्यांना इतकं सवयीचं होतं की पुढे विचारायची गरज त्यांना वाटली नाही. शेजाऱ्यांनी गाडी पाहिली, तेही म्हणाले, हळदच ती.

दुसऱ्या दिवशी डाग तिथेच. तिसऱ्या दिवशीही. मामा आता चिडून जेवायचे. भाकरी तोडतानाही रागानं तोडायचे. शनिवार उजाडला तेव्हा फडकं आणि रॉकेल घेऊन जाळी घासायला बसले. घासून घासून थकले तशी आत हाक मारली, "पंचीची माय, तुझी ही हळद काही निघंना बघ!"

मामी पीठ मळत होती. तशीच, पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"माझी हळद?"

"मग कुणाची?"

"गाडी आली त्या दिवशी आपण काय केलं? मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण म्हणलं. हार तर तुम्हीच घातलाव बॉनेटला. या घरात गाडीला हळदीचं बोट कुणी लावलं सांगा मला! धम्म घेऊन तीस वर्सं झाली, अन् तुमच्या डोळ्यातली हळद आजून निघंना!"

मामांनी फडकं खाली ठेवलं. इतके दिवस आम्ही तिघं त्या हळदीभोवती फिरत होतो, आणि ती आली कुठून हे कुणीच विचारलं नव्हतं. बाहेरून लावलेली नव्हती, म्हणजे आतून येत होती.

गाडी गार होती. मामांनी रेडिएटरचं टोपण काढलं, आत बोट बुडवलं, नाकाशी नेलं.

"काय हाय?" मामीनं विचारलं.

"वरण," मामा म्हणाले.

मग त्यांना हणमंतराव आठवला, चहा पाजताना हसत म्हणालेला, "पाण्याची बिलकूल तक्रार न्हाई, ज्ञानोबा. तुमच्या बसपेक्षा कमी पिती."

शिवप्पाला घरी बोलावलं तर तो वास घेऊन मान डोलवायला लागला. "हां, टाकतेत की हळद. रेडिएटरला भोक पडलं की पूड टाकायची, गाळ भोकात बसतो. चार-आठ दिवस निघतेत. मग पुन्हा गळतं."

"मग आधी का बोलला न्हाईस?"

"तुम्हीच पूजेची म्हणलाव की."

"तू म्हणलास!"

"मी म्हणलो, तुम्ही हाव म्हणलाव. मालकच हाव म्हणला तर मी काय करू?"

मामांनी कपाळावर हात मारला. कपाळ पिवळं झालं.

रेडिएटर उतरवला. खालच्या नळीजवळ केसाएवढी चीर निघाली, तिला शिवप्पानं झाळून डाग दिला. पण आतला हळदीचा गाळ काढायला बादल्यांनी पाणी हवं होतं. मामीनं धुणं खळबळून ठेवलेलं पाणी दिलं, शेजारणीकडून मागून आणलेलं तसलंच पाणीही दिलं. रेडिएटरमधून पिवळे लोंढे निघाले. ते तिनं घमेल्यात धरले आणि शेवग्याच्या बुडाशी ओतले. "आता शेंगांची आमटी करताना हळद टाकायला नको," ती म्हणाली. हसलं कुणीच नाही.

शेवटी रेडिएटर भरायला स्वच्छ पाणी हवं होतं. टँकर आला नव्हता. घरात प्यायची एकच घागर होती. मामा ती मागायला धजले नाहीत, नुसते दारात उभे राहिले. मामीनं घागर उचलली, स्वतः गाडीपाशी नेली आणि टोपणाच्या तोंडात धार धरली. एक थेंब बाहेर सांडू दिला नाही. "रविवारी तहान लागली तर किनवटात पिऊ," ती म्हणाली.

रविवारी आम्ही तिघं निघालो. अहमदपूर, लोहा, मग नांदेड. हणमंतरावाला काय सुनवायचं ते मामा लोह्यापासून मोठ्यानं म्हणून बघत होते. त्यात त्याच्या सात पिढ्या होत्या, हळदीचं पोतं होतं, मोंढ्याच्या चौकात उभं करण्याची धमकी होती. मोंढ्याचं वळण आलं. मामांनी हात बाहेर काढला, आत घेतला आणि सरळ गेले.

"सुनवायचं व्हतं ना?" मामी म्हणाली.

"आज पंची."

आश्रमशाळेच्या आवारात पंचशीला पिशवी घेऊन कधीची उभी होती. मामा उतरले आणि थेट गाडीखाली वाकले.

"बाबा, मी इकडं हाय," ती म्हणाली.

परतीला मामा इतके सावकाश चालवत होते की सायकलवाले पुढे जात होते. प्रत्येक खड्ड्यापाशी गाडी जवळजवळ थांबायची, आणि खड्डा गेला की खरंच थांबायची. मामा उतरून वाकायचे. हिमायतनगरला वाकले, भोकरला वाकले, मधल्या एका उजाड माळावर, जिथे सावलीला काडीही नव्हती, तिथेही वाकले. पंचशीला पाठीशी उशी घेऊन बसली होती. पहिल्यांदा हसली, दुसऱ्यांदा उशी सरकवून बसली. माळावर मात्र तिनं काच खाली केली.

"बाबा, आता जर थांबलाव, तर मी खाली उतरून येष्टीला हात करीन."

मामा निमूट येऊन बसले. त्यानंतर घरापर्यंत गाडी थांबली नाही. इंजिन तापल्याचं दाखवणाऱ्या काट्याकडे मात्र त्यांचं इतकं लक्ष होतं की मामीला रस्ता बघावा लागला.

दारात पोचलो. पंचशीला मामीचा हात धरून हळूच उतरली. मामांचे हात गुडघ्यांकडे गेलेच होते.

"आधी लेकीच्या हातातली पिशवी घ्या," मामी ओरडली.

मामांनी पिशवी घेतली आणि ती घेऊनच वाकले.

"काय हाय?"

"काहीच न्हाई," ते म्हणाले. आणि तेही त्यांना पटलेलं दिसलं नाही.