केसांतल्या तीन गाठी

सरोजाक्का माझ्या बसवनगुडीतल्या फोटो स्टुडिओत आल्या की खुर्चीकडे बघायच्याही नाहीत. भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोंसमोर उभ्या राहून मी कुठं काय लपवलंय ते शोधायच्या. "हिच्या हनुवटीवर तीळ होता की रे वसंता. पुसलास नव्हे?" असं गिऱ्हाइकांदेखत विचारायच्या. मी हसून वेळ मारून न्यायचो. निगेटिव्हवर शिसपेन्सिल आणि बारीक ब्लेड चालवून चेहरे नितळ करणं हे माझं काम. चिकपेटेतले स्टुडिओवालेसुद्धा आपल्या निगेटिव्ह माझ्याकडे पाठवायचे आणि त्याची मला चांगलीच मिजास होती.

अक्कांचं घराणं आमच्यासारखंच पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत मुरलेलं. त्या मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या, पण जीव सगळा ग्रीक आणि रोमन पुतळ्यांत अडकलेला. ॲव्हेन्यू रोडवरची जुनी पुस्तकं धुंडाळून त्यांनी हा विषय एकटीनं शिकून घेतला होता. ग्रीक भाषेसाठी दोन बस बदलून फ्रेझर टाऊनच्या एका म्हाताऱ्या पाद्र्याकडे जायच्या. घरी भिंतीवर उघडेवाघडे देव टांगलेले. पाहुणे आले की त्यांची आई ती चित्रं पटापट उलटी करून ठेवायची. हळेबीडची देवळातली शिल्पं हाताशी असताना हे परकं वेड कशाला, असं लोक विचारायचे. "हळेबीडाला बघणारी माणसं ढीग आहेत," अक्का म्हणायच्या. "ह्यांना ह्या गावात मी एकटीच."

त्र्याण्णव साल असेल. निवृत्ती तोंडावर आली असताना त्यांना तीन आठवडे रोमला जायला मिळालं. आयुष्यातली ती एकच वारी. कॅमेरा माझाच नेला होता. परत आल्या त्या थेट स्टुडिओत. परदेशातल्या एका नियतकालिकात लेख पाठवायचा आहे, एका पोराच्या संगमरवरी डोक्याचे तीन फोटो मोठे करून दे, एवढंच सांगून रोल माझ्या हातात ठेवले. काय बघून आल्या ते नंतर सांगते म्हणाल्या. चेहरा मात्र लग्न ठरलेल्या मुलीसारखा फुलला होता.

मी आठ दिवस त्या तीन निगेटिव्हवर बसलो. अक्कांचं काम, तेही परदेशात जाणारं. त्या पोराच्या केसांत मसुरीएवढ्या तीन गाठी होत्या. इतक्या सुंदर डोक्यावर त्या मला खटकल्या.

फोटो न्यायला आल्या तेव्हा अक्कांनी भिंग काढलं. एक फोटो बघितला, दुसरा बघितला, मग तिसरा उजेडाला धरला.

"केसांतल्या गाठी कुठं गेल्या?"

"काढून टाकल्या, अक्का," मी ऐटीत म्हणालो. "पत्ता लागायचा नाही कुणाला."

त्या स्टुलावर बसल्या. मग हळूहळू सांगितलं. ते डोकं अस्सल ग्रीक म्हणून नावाजलेलं. पण रोमन कारागीर जुन्या पुतळ्याची नक्कल करायचे तेव्हा मापं धरण्यासाठी दगडावर अशा गाठी ठेवायचे आणि शेवटी तासून टाकायचे. केसांतल्या तीन तासायच्या राहिल्या होत्या. म्हणजे ते डोकं नक्कल होतं, आणि हे आजवर कुणाच्या नजरेला आलं नव्हतं. अक्कांच्या आलं होतं. पेन्सिल पुसता येते, पण ब्लेडनं खरवडलेली निगेटिव्ह परत भरत नाही. "सरी, असू दे," त्या उठत म्हणाल्या. "तुझा हात मला ठाऊक होता. आधी सांगायला हवं होतं मी."

त्यांनी हातानं काढलेल्या आकृत्या जोडून लेख पाठवला. ते डोकं जिथं होतं त्या रोमच्या संग्रहालयाला फोटोसाठी पत्रं घातली. उत्तर आलं नाही. संपादकांनी सभ्यपणे कळवलं की आकृती हा पुरावा होत नाही. मग एका दुपारी अक्का आल्या आणि माझ्याकडे एक गोष्ट मागितली. "वसंता, त्या संपादकांना दोन ओळी लिहून देशील? गाठी होत्या, तू काढल्यास, एवढंच. स्टुडिओच्या कागदावर."

देतो की, म्हणालो. कागद घेऊन बसलोही. पण स्टुडिओच्या नावाखाली, माझ्या सहीनिशी, मीच निगेटिव्ह नासवली असं लिहायचं? चिकपेटेत कळलं तर? आज देतो, उद्या देतो करत राहिलो. पुन्हा विचारणं अक्कांच्या स्वभावात नव्हतं. पुढं भाच्याचे पासपोर्टचे फोटो काढायला आल्या, माझ्या बायकोशी लोणच्याच्या गप्पा मारून गेल्या. भिंतीवरच्या फोटोंकडे मात्र बघेनाशा झाल्या. त्यांचा लेख परत आला. त्यानंतर त्यांनी दुसरा लिहिला नाही.

चार वर्षांनी त्या साध्या तापानं गेल्या. कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्य चांगुलपणानंच बोलले. म्हणाले की अक्कांची निष्ठा मोठी, पण शेवटी शेवटी त्यांना दगडावर नसलेलं दिसू लागलं होतं. वयानं होतं असं. लोकांनी माना डोलावल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो. उठून एक वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही. सभा संपल्यावर कॉफी पिऊन घरी आलो. याची लाज मला अजून वाटते.

त्या पोराच्या केसांत तीन गाठी होत्या. दोन कपाळावरच्या बटांत, एक उजव्या कानामागे. ह्या गावात अक्कांखेरीज त्या पाहिलेला मी एकटाच, आणि मीच त्या खरवडल्या.