पट्टीने मोजलेलं आकाश

नकाशावर पट्टी ठेवून मी कोल्हापूर ते आसामातलं तेजपूर हे अंतर मोजलं, विमानाच्या वेगाने भागलं आणि तीन तास काढले. एवढी मी तेव्हा हुशार! तेजपूरला राहणाऱ्या गरोदर लेकीला उकडीच्या मोदकांचे डोहाळे लागले होते. पहाटे उठून वळले आणि निघाले. पण विमानं माझ्या पट्टीवरून थोडीच उडतात! आधी मुंबई, मग कोलकाता आणि तिथे दाट धुकं. काचेपलीकडचं विमानही दिसेना. आकाश एवढं मोकळं, पण लेकीकडे सरळ जाणारी वाट त्यात नव्हती. मी नुसती गार होत चाललेला डबा पदराखाली धरून बसले.

दुसऱ्या दिवशी तिने दारातच डबा उघडला.

"आंबलेत गं आई. पण झाकण लावू नकोस, तुपाचा वास अजून आपल्या घरचा येतोय."