भोंग्याचा षड्ज

आधी चहा संपवा बावा, नाहीतर हसता हसता ठसका लागेल आणि नाव माझं येईल. मी मेलो होतो ना, ती गोष्ट सांगतो. हो, मेलो होतो! भर स्टेजवर, भर दुपारी, निळ्या मखमलीच्या झग्यात! आणि मेल्यावर उठून जे काही केलं, त्याची लाज मला आजही वाटते. तरी सांगतो, कारण मी नाही सांगितलं तर दुसरा कोणी तिखटमीठ लावून सांगेल.

लढाईचे दिवस होते. जबलपूरचा आमचा कारखाना दिवसरात्र चालायचा. तीन पाळ्या, आणि पाळी बदलली की भोंगा. आणि भोंगा म्हणजे कसा? लांब सदर बाजारात चहा पिणाऱ्याचा कप हलायचा! राइट टाउनातल्या बायका त्याच्यावरच डाळ शिजायला टाकायच्या.

मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून. पण ते पोटासाठी हो! खरा मी गवई. आमच्या मराठी मंडळाच्या नाटकांत नायिका म्हणजे मी, हे ठरलेलंच. तेव्हा आमच्याकडे बायका कुठं स्टेजवर यायच्या? रोज सकाळी भोंगा झाला की मी अंगणात उभा राहून त्याच्या सुरात सूर मिळवायचो. भोंग्याचा षड्ज तोच माझा षड्ज. तंबोरा कशाला हवा?

बायको म्हणायची, "तो ओरडून राहिला ते पुरे नाही का? तुम्ही काहून ओरडता?"

"कमल, त्याची बरोबरी करणारा गळा साऱ्या जबलपुरात एकच आहे."

हे माझं वाक्य जरा लक्षात ठेवा. पुढं कामाला येणार आहे.

तर आमच्या मंडळाचे सर्वेसर्वा दादा खरे, ऑफिसात हेडक्लार्क. त्यांना आमच्या मोठ्या साहेबाच्या मेमनं एका फ्रेंच ऑपेराच्या तबकड्या ऐकवल्या, गोष्टही सांगितली. गरीब पोरगी, सरदाराचा पोरगा, ताटातूट, आणि शेवटी पोरगी त्याच्या मांडीवर गात गात मरते. दादा घरी आले ते पेटूनच. महिनाभरात त्याचं मराठी संगीत नाटक लिहून काढलं. फ्रेंच पोरगी आमच्या नाटकात यमन गायची, आणि मरायची भैरवीत. मेमसाहेबांना कळवलं तर त्या खूश! म्हणाल्या, आमच्याकडे गाणं फार आवडलं तर सगळं थिएटर उभं राहतं. दादांनी हे तालमीत सांगितलं आणि माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं.

हॉल कारखान्याचा. आमचा गणपती तिथं, वाचनालय तिथं, नाटकं तिथं. साहेबानं दादांना बजावलं, "दो बजे दूसरी शिफ्ट का भोंगा. एक भी आदमी लेट हुआ, तो हॉल बंद. हमेशा के लिए."

दादांना मूल ना बाळ. बारा वर्षं पोटच्या पोरासारखं जपलेलं मंडळ, आणि ते आता घड्याळावर टांगलेलं. नाटक दहाला सुरू करून दीडला संपवायचं ठरलं. पडदा उघडायच्या आधी ते माझ्यापाशी आले.

"वसंता, शेवटची भैरवी दोन आवर्तनं आणि मर. तान घेऊ नको. तुझ्या पाया पडतो."

"दादा, मी काय लहान आहे? मरतो ना वेळेवर!"

हॉल खचाखच. सगळे दुसऱ्या पाळीचे लोक, अंगात खाकी, मांडीवर डबे. पहिल्या रांगेत साहेब आणि मेमसाहेब. मी त्या झग्यात स्टेजवर पाऊल टाकलं आणि पहिल्याच पदाला वन्स मोअर! आता मराठी माणसानं वन्स मोअर दिला आणि नटानं घेतला नाही, असं कुठं झालंय का? घेतला. दुसऱ्या पदाला दोन. तिसऱ्याला तीन. पेटीवर दादा बसले होते, ते माझ्याकडे डोळे वटारून पाहायचे. मला वाटायचं, भारावून गेलेत बिचारे!

मरणशय्या आली तेव्हा दोनला दहा मिनिटं कमी होती. मला कुठं ठाऊक? मी डोंगरेच्या मांडीवर डोकं ठेवलं. डोंगरे आमचा नायक, लेथ खात्यातला. त्याचीही दुसरीच पाळी, सरदाराच्या कोटाखाली खाकी पँट घालूनच बसला होता. दोन आवर्तनं झाली, चार झाली, मी आपला आळवतोच आहे.

डोंगरे कानात पुटपुटला, "वसंता, मर ना बाबा आता!"

"थांब रे, रंग भरून राहिला."

"रंग गेला खड्ड्यात, माझी पाळी आहे!"

पण ऐकतो कोण? मी डोळे मिटले, श्वास भरला आणि तार षड्ज लावला. अहाहा! काय सांगू! असा सूर जन्मात लागला नव्हता. हॉल भरला, छत थरथरलं, खिडक्यांची तावदानं वाजली. अंगावर काटा आला माझ्या! बरं, दम संपला, मी तोंड मिटलं, तरी सूर चालूच! म्हटलं, वसंता, यालाच घुमारा म्हणतात. जिंकलास लेका! आणि समाधानानं मान टाकली.

सूर विरला. मी मेल्या मेल्याच एक डोळा किलकिला केला. आणि पाहतो तर काय? सगळा हॉल उभा! साहेब उभे! तबलजी उभा! इतकंच काय, माझं डोकं धाडकन फळीवर आपटलं, कारण खुद्द नायकही उभा राहिला होता.

तुम्हीच सांगा, माणसानं काय समजावं?

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. फ्रान्समध्ये उभे राहत असतील, पण कारखान्याची माणसं माझ्यासाठी उभी राहिली! मी उठलो, झगा सावरला, छातीवर हात ठेवून वाकलो आणि म्हणालो, "मायबाप, तुमचा एवढा हट्ट आहे तर पुन्हा घेतो." आणि पेटीची वाट न पाहता भैरवी पहिल्यापासून सुरू केली.

दारातून कोणीतरी ओरडलं, "अरे देखो देखो, मरी हुई उठ गई!"

झालं! बाहेर पडलेले आत वळले, आतले बाहेर निघून राहिले होते, दारात ही चेंगराचेंगरी. डोंगरे सरदाराचा कोट काढता काढता त्यातच अडकला. लोक पोट धरून हसायला लागले. मी म्हटलं, वा, आनंदाश्रू! आणि डोळे मिटून आणखी वर चढलो. शेवटी एक हात माझ्या तोंडावर दाबला गेला, तेव्हा थांबलो. हात दादांचा होता.

"वसंता, दोनचा भोंगा झाला रे," ते म्हणाले. "कधीचा झाला!"

रागावले नाहीत हो ते! रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून हॉलची किल्ली काढून हातात धरली होती. पहिल्या रांगेत साहेब हातात घड्याळ धरून लालबुंद उभे होते. दुसरी पाळी दहा मिनिटं उशिरा लागली, आणि त्या रात्री माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबासमोर दादा आणि मी. टेबलावर हॉलची किल्ली. दादांनी सकाळीच देऊन टाकली होती.

साहेब गरजले, "तुमने भोंगा नहीं सुना?"

आता खोटं काय बोलू? म्हटलं, "सुना साहब. लेकिन मुझे लगा, वो मैं ही हूँ."

साहेबांनी तोंडातला पाईप हातात घेतला. मग त्यांना जे हसू फुटलं! खुर्ची मागं सरकली, पाईप खाली पडला, शेजारच्या खोलीतले बाबू धावत आले. हसून हसून दमले तेव्हा त्यांनी किल्ली दादांकडे सरकवली.

"ड्रामा करो खरे, हर साल करो. शर्त एक. ड्रामे के दिन ये आदमी स्टेज पर नहीं, बॉयलर हाउस में. भोंगा यही खींचेगा."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. दुसरं करणार काय? दादांनी किल्ली उचलून खिशात घातली, ते पाहून मला खरंच बरं वाटलं.

पुढच्या वर्षी नाटक झालं. नायिका डोंगरे! चार आवर्तनांच्या आत मेला म्हणे. आणि मी बॉयलर हाउसमध्ये, हातात भोंग्याची साखळी. पण गवई तो गवईच. दोनच्या ठोक्याला साखळी ओढली ती जीव ओतून. हळूच सूर भरला, मध्ये जरा हेलकावा दिला, शेवटी साखळी हलकेच सोडत एक मींडही घेतली. म्हटलं, आज सारं जबलपूर मला ऐकतंय!

संध्याकाळी ऐटीत सदरला चहाच्या टपरीवर गेलो. चहावाल्यानं कप पुढं केला आणि विचारलं, "भैया, भोंगे पर कोई नया आदमी आया है क्या? पहलेवाला सुर में बजाता था."